लेख सुधारला, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : तासगावच्या आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी मराठी विकिपीडियावर सांगली जिल्ह्याविषयीचे लेख सुधारत आहेत. अहवालात मात्र ‘इतकी संपादने झाली’ एवढेच लिहिता येते. प्रगती मोजण्याची याहून भरवशाची रीत आहे का?
– एक प्राध्यापिका, तासगाव

उत्तर : संपादनांच्या संख्येवरून धावपळ कळते, सुधारणा कळत नाही. कोणी संपूर्ण परिच्छेद लिहून एकदाच जतन करतो, तर कोणी प्रत्येक स्वल्पविरामागणिक, आणि मोजणीत हा दुसराच पुढे दिसतो. लेख किती बाइटांनी वाढला, हा आकडाही तितकाच फसवा आहे. कारण एखाद्या पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला, म्हणजे प्रताधिकारामुळे ठेवताच न येणारा मजकूर काढून टाकला, तर लेख आखूड होतो, पण सुधारतो.

खरे साधन लेखाच्या ‘इतिहास’ या दुव्यामागे आहे. तिथे प्रत्येक आवृत्ती जपलेली असते. उपक्रमाआधीची आणि आजची आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून दोन्हींना तेच ठरावीक प्रश्न विचारावेत. विष्णुदास भावे यांच्यावरील लेख घ्या. त्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे वाक्य लेखात असणे पुरेसे नाही. त्याला संदर्भ जोडला आहे का, त्यात पृष्ठक्रमांक आहे का आणि ते पान उघडल्यावर वर्षासह तेच विधान तिथे सापडते का, हे पाहायला हवे. नेमकी ही शेवटची पायरी सहसा गाळली जाते, आणि आमच्या मते गुण द्यायचे ते तिलाच. तपासणारा मात्र लेख लिहिणाऱ्यांपैकी नसावा. जमल्यास कोणती आवृत्ती जुनी, हेही त्याला सांगू नये.

इंग्रजी विकिपीडियावर ‘स्टब’पासून (अगदी त्रोटक लेख) ‘फीचर्ड आर्टिकल’पर्यंत (सर्वोत्तम लेख) दर्जांची उतरंड आहे. वरच्या दर्जांसाठी रीतसर परीक्षण होते; खालचे दर्जे कोणीही संपादक देऊ शकतो, त्यामुळे लेख पुष्कळ वाढला तरी चर्चापानावर, म्हणजे लेखाविषयी संपादक जिथे बोलतात त्या जोडपानावर, जुन्या दर्जाचाच शिक्का राहून जातो. अशा शिक्क्यांच्या बेरजेवर अहवाल उभारू नये. वाचकसंख्या द्यायला हरकत नाही, परंतु कृष्णेला पूर आल्यावर सांगलीचा लेख अधिक वाचला गेला, तर त्याचे श्रेय विद्यार्थ्यांचे नव्हे.

काही महिन्यांनी विद्यार्थ्यांनी घातलेली भर टिकली आहे का, हेही पाहावे. ती कोणी उलटवली असल्यास संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहिलेल्या छोट्या टिपेत) किंवा चर्चापानावर बहुधा कारण मिळते. तिच्या जागी अधिक चांगल्या संदर्भाचे वाक्य आले असेल, तर ती नोंद अपयशाच्या रकान्यात टाकू नये.