पार्टी थांबेल, आधी ओटीपी सोडा

प्रश्न: आमच्या शेंडेफळाला येत्या १२ ऑगस्टला १८ वर्षं पूर्ण होतायत. मोठ्या दोघी मुली पुण्यात नोकरीला. यांना मॅरेज गार्डन घेऊन दीडशे माणसं बोलवायचीत. मला लोकमान्य नगरच्या घरीच जवळची चाळीस माणसं, औक्षण आणि भुट्ट्याचा कीस, एवढंच हवंय. दहा दिवस घरात धुसफूस चालू आहे. मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘तुम्हाला हवं ते करा.’ तसा तो साधाच आहे, व्यवहारात लक्ष नाही. बँकेचा ओटीपीसुद्धा माझ्याच फोनवर येतो, त्यामुळे कॉलेजातून दिवसातून दोनदा तरी त्याचा फोन येतोच. कोणाचं ऐकावं? — एक आई, इंदूर

ताई, गार्डनचं नंतर बघू. पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहून गेलात, मी तिथेच अडकले. ‘दोनदा तरी फोन येतोच.’ यातला ‘तरी’ आणि ‘च’ वाचला की कळतं, दिवसभरात तुम्ही कशाची वाट बघता. दोघी गेल्या, हा एक उरला, आणि त्याच्या फोनला सहा आकड्यांचं निमित्त आहे. ते निमित्त सुटायची भीती वाटते, हे समजतं. पण कॅन्टीनमध्ये चार मित्रांसमोर ‘आई, ओटीपी सांग ना’ म्हणणाऱ्या मुलाला साधा म्हणू नका. व्यवहार कधी हाती दिलाच नाही, तर त्यात त्याचं लक्ष असणार कुठून? ‘तुम्हाला हवं ते करा’ हे उत्तरही त्यातूनच आलंय.

तेव्हा १२ तारखेला औक्षण करा आणि पार्टी पुढे ढकला. बँकेचा पहिला ओटीपी त्याच्या फोनवर येईल, त्याच्या पुढच्या रविवारी पार्टी. दोन-तीन आठवडे लागतील, लागू देत.

सुरुवात सिमपासून. १८ पूर्ण झाल्याशिवाय सिम स्वतःच्या नावावर मिळत नाही. म्हणजे तो वापरतोय तो नंबर तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर असणार. नवा नंबर घेऊ नका, शाळा-कॉलेजचे सगळे फॉर्म जुन्यावरच आहेत. ज्याच्या नावावर सिम आहे त्याने आणि मुलाने आपापलं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि ‘नंबर तोच, नाव बदलायचंय’ असं सांगायचं. कायद्याने १८व्या वाढदिवसाचा दिवस सुरू होतो तेव्हाच माणूस सज्ञान होतो, पण तुम्ही १३ला जा, १२ला घरात पाहुणे असतील.

मग आधार. त्यालाही नंबर तुमचाच जोडलेला असणार. आधार केंद्रात त्याला पाठवा, ठसे त्याचेच लागतात. १५ वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यायचे असतात. ते राहिलं असेल तर त्याच खेपेत उरकून टाका, नाहीतर पुढे मशीन त्याचं बोट ओळखत नाही आणि मशीनलाच नावं ठेवली जातात.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांची गाडी हमखास अडते ती पुढच्या गोष्टीवर, नावावर. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या दहावीच्या मार्कशीटवर बहुधा मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच असतं, वडिलांचं नाव खाली वेगळ्या ओळीत. मग आधारवर तीन शब्द, मार्कशीटवर दोन, आणि पॅनवर एजंटने स्वतःच्या डोक्याने घातलेलं आद्याक्षर. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. मार्कशीट प्रमाण धरा, कारण ती बदलणं सर्वांत कटकटीचं आणि जन्मतारखेला पुरावा म्हणून तीच मागतात. बाकी सगळं तिच्याप्रमाणे दुरुस्त करायचं, इंग्रजी स्पेलिंगसकट. हे बँकेत जायच्या आधी जेवणाच्या टेबलावर कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते त्याला करू द्या.

पॅन लहानपणी काढलं असेल तर त्यावर त्याचा फोटो नाही, सही नाही. नंबर तोच राहतो, फक्त दुरुस्तीचा अर्ज भरायचा. ‘नवीनच काढून टाका’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, दोन पॅन ठेवले तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

आता बँक. खिडकीवर ‘मायनरचं मेजर करायचंय’ एवढं म्हटलं की फॉर्म देतात. त्याचा फोटो, पॅन, आधार आणि नमुना सही लागेल. तुम्हीही बरोबर जा, कारण पालक म्हणून आजवर सही तुमची चालत होती आणि १८ पूर्ण झाल्यावर तुमचा तो अधिकार संपतो. खात्यात किती शिल्लक आहे हे त्याच्याकडून कबूल करून घेतात, तेव्हा पासबुक आधी भरून न्या. हे काम टाळलं तर बँक खात्यातले व्यवहार थांबवू शकते, आणि ते कळतं नेमकं फी भरायच्या शेवटच्या दिवशी. सहीची तयारी घरी करून घ्या. कोऱ्या कागदावर दहा वेळा करायला सांगा, दहाव्यांदाही तशीच उमटली तर ती सही. खिडकीवर घाईत केलेली वळणदार सही पुढे त्यालाच जमत नाही आणि चेक परत येतो.

आणि मोबाईल नंबर. लोक सही बदलून घरी येतात, नंबर आईचाच राहतो. बाहेर पडण्याआधी फॉर्मवर त्याचा नंबर लिहिलाय ना, आणि बँकेने तो बदललाय ना, हे त्याने विचारायचं. तुम्ही शेजारी गप्प बसायचं. नंबर बदलला की यूपीआय त्याच्या फोनवर चालू होईल. ते जोडताना बँकेतल्या नंबरवरून एसएमएस जातो, म्हणून सिम त्याच फोनमध्ये हवं. पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, बिघडलंय म्हणून घाबरू नका.

आजोबांनी वगैरे त्याच्या नावाने म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक रकमेची गुंतवणूक, लावली असेल तर ती १८ पूर्ण होताच थांबते. तिथेही मायनरचं मेजर करावं लागतं, पण बँकेचं झाल्यावरच. मतदार यादीचा फॉर्म ६ तो फोनवर स्वतः भरेल, १ ऑक्टोबरच्या पात्रता तारखेत बसतोय, कारण त्या दिवशी त्याला १८ पूर्ण झालेली असतील. त्यात तुमचं काही काम नाही.

खात्यात दुसरं नाव म्हणून स्वतःला घालून घेऊ नका. पिन विचारू नका. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जातायत. आणि कुणी मित्र म्हणाला, ‘तुझ्या खात्यात येऊ दे, काढून दे, थोडे तुला ठेव,’ तर सरळ नाही म्हणायचं. असले पैसे फसवणुकीचे निघाले की खातं गोठतं आणि पोलिसांपुढे नाव त्याचं येतं.

मग तुमचा फोन दुपारी वाजणार नाही. ‘ओटीपी आला का रे?’ म्हणून तुम्हीही करू नका. आठवडाभर फार जड जाईल. संध्याकाळी घरी येईल तेव्हा काय जेवला ते विचारा.

राहिली पार्टी. घरीच करा, दीडशे माणसांना नमस्कार करत गार्डनभर फिरणं ही त्या मुलाला शिक्षा आहे, हे यजमानांना माझ्या नावाने सांगा. ऑगस्टअखेरही भुट्टे चांगले मिळतात. माणशी एक धरा, वर दहा जास्त. दाण्यात नख खुपसून बघायचं, पांढरं दूध आलं तर कोवळा, नाहीतर कीस राठ होतो आणि दूध कितीही घातलं तरी मऊ येत नाही. मंडीत त्यालाच पाठवा. पैसे तो त्याच्या फोनवरून देईल, ५,०००च्या कितीतरी आत भागतं.