लॅबमध्ये लागलेला शोध पेशंटपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागतात?

उंदरावर चाललेलं औषध माणसाला लगेच का मिळत नाही, मधे नक्की काय चालतं, असं विचारलंय तुम्ही. मी लॅबमध्ये पेशंटचे सॅम्पल हाताळतो, तिथून दिसतं तसं सांगतो.

नुसता शोध लागून भागत नाही. इन्सुलिनचंच घ्या. 11 जानेवारी 1922, टोरांटो, डायबेटिसने अगदी खंगलेला 14 वर्षांचा मुलगा. कुत्र्यांवर चाललेला, इन्सुलिन असलेला स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचला तर साखर थोडीशीच उतरली आणि वर टोचलेल्या जागी गळू झालं. मग कॉलिप नावाचा बायोकेमिस्ट अल्कोहोल वापरून तो अर्क शुद्ध करत बसला, 23 तारखेपासून परत इंजेक्शनं दिली आणि लघवीतली साखर जवळपास गेलीच. इन्सुलिन शोधणारा म्हणून नाव बँटिंग या डॉक्टरचं झालं, पण मला विचाराल तर कॉलिप जवळचा वाटतो, निस्तरायचं काम त्याच्याकडे आलं ना!

आणि रस्ता लॅबकडून वॉर्डकडे एवढाच नसतो हो. सीएमएल या ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या पेशींमध्ये 1960 साली एक क्रोमोसोम (गुणसूत्र) आखूड दिसला, 1973 मध्ये जॅनेट राउली या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेत, पुढे कळलं की त्या सांध्यावरून बनणारं प्रोटीन पेशींना सारखं वाढायला लावतं, मग ते अडवणारी इमॅटिनिबची गोळी आली, माणसांवर ट्रायल 1998 ला सुरू, अमेरिकेत मंजुरी 2001 ला. 41 वर्षं झाली की! नंतर काही जणांना गोळी लागू पडेना, त्यांचं रक्त परत लॅबमध्ये आलं, तेव्हा दिसलं की ते प्रोटीन बनवणाऱ्या जीनमधलं एखादं अक्षर बदललंय आणि गोळीला बसायला जागाच उरली नाहीये. त्यावरून पुढच्या गोळ्या निघाल्या.

आता आमच्या पातळीवरचं सांगतो. एकदा वॉर्डमधून आलेल्या ट्यूबांवर रक्त कधी काढलं ती वेळच नव्हती. पेशी ट्यूबमध्येसुद्धा साखर खात राहतात, त्यामुळे रीडिंग कमी येतं आणि किती कमी ते वेळ माहीत नसेल तर कळत नाही, अख्खी बॅच बाद. फोन केला तर सिस्टर वैतागल्या, "पेशंट बघू की तुमचं घड्याळ?" तेव्हा राग आला, पण नंतर एक दिवस वॉर्डात जाऊन उभा राहिलो तर त्यांना खरंच पेन काढायलाही फुरसत नव्हती. आता वेळेचे चौकोन छापलेली लेबलं आम्हीच पाठवतो, नुसती टिक करायची. बहुतेक वेळा केलेली असते.