लिनक्सच्या सिग्नलनं एका प्रोग्रामनं दुसऱ्याला मेसेज पाठवायचा सी-प्रोजेक्ट टेस्ट कसा करायचा? छोटा मेसेज पोचतो, मोठ्यात कचरा येतो

तुझा प्रश्न वाचून मला माझाच व्हायव्हा आठवला बघ. म्हणजे सर्व्हर आपला पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, दाखवतो, क्लायंट सिगयूजर१ हा सिग्नल म्हणजे ० अन् सिगयूजर२ म्हणजे १ असं धरून एकेक बिट पाठवतो, "हॅलो" नीट जातं, पानभर मजकूर टाकला की मधनंच कचरा, आणि दोन बिटांमधला यू-स्लीप, म्हणजे मायक्रोसेकंदांचा थांबा, वाढवला की कचरा थांबतो. बरोबर?

भावा, यू-स्लीप वाढवून थांबला म्हणजे गेला नाही, लपलाय. साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. सर्व्हर हँडलरमधे, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधे, अडकलेला असताना तोच सिग्नल दोनदा आला तर पेंडिंग एकच राहतो, दुसरा गायब. केएमटीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसमधे कसं, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आता ड्रायव्हरला दोनाची एकच ऐकू आली तर गाडी निघायची सोडून उभीच. तुझं एक बिट असं गेलं की मागची सगळी बिटं एकेक घर पुढं सरकतात, म्हणून कचरा शेवटपर्यंत राहतो. आणि एकच अक्षर बिघडून पुढचं सगळं ठीक असेल तर बिट हरवलेलं नाही, बहुतेक दोन्ही सिग्नल एकदम पेंडिंग पडले अन् उलट क्रमानं पोचले, त्या क्रमाची गॅरंटी नसते. कचरा कसा दिसतोय ते आधी बघ, निम्मं निदान तिथंच होतंय.

आता टेस्ट. डोळ्यानं वाचून "आलंय की बरोबर" असं करू नको. सर्व्हरचं आउटपुट फाइलमधे वळव, पाठवलेला मजकूर दुसऱ्या फाइलमधे ठेव आणि सीएमपी ही फाइली ताडून बघायची कमांड लावून बाइट-बाइट जुळव, पीआयडीची ओळ तेवढी वगळ. दहा-वीस हजार अक्षरांचा मेसेज घे. एवढं मोठं एकाच आर्ग्युमेंटमधे जातं, लिनक्सवर एका आर्ग्युमेंटची मर्यादा १२८ केबी आहे. आणि एकदा चाललं म्हणून सोडू नको, लूप लावून शंभरदा चालव आणि चहा पिऊन ये.

पण खरी टेस्ट मशीन दमवून घ्यायची. माझ्या लॅपटॉपवर यू-स्लीप १०० वर काटा किर्र चालत होतं, कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर पहिल्याच ओळीत घोटाळा, आणि सर माझ्याकडं बघत बसलेले. त्यामुळं येस कमांड (ती न थांबता "y" छापत राहते) डेव्ह-नलमधे, म्हणजे आउटपुट फेकून द्यायच्या जागी, वळवून जितके कोअर तितक्यांदा बॅकग्राउंडला सोड, मग मेसेज पाठव. किंवा सर्व्हर व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलखाली चालव, तो दहा-वीस पट तरी स्लो होतो, मेमरी लीक पण कळतात आणि टायमिंगवर उभं असलेलं सगळं तिथंच कोसळतं.

त्यात टिकायचं तर एकच उपाय, सर्व्हरनं प्रत्येक बिट मिळाल्यावर उलटा सिग्नल द्यायचा आणि तो आल्याशिवाय क्लायंटनं पुढचं बिट सोडायचं नाही. इथं एक खड्डा आहे ज्यात मी दोन रात्री होतो: किल (सिग्नल पाठवायचं फंक्शन) मारल्यावर पॉज (सिग्नल येईपर्यंत थांबायचं फंक्शन) लावलास आणि उत्तर पॉजच्या आधीच येऊन गेलं, की क्लायंट जन्मभर वाट बघत बसतो. ते सुद्धा शंभरातनं एकदाच, म्हणून लूप लाव म्हटलं. सिगसस्पेंड वापरायला परवानगी असेल तर उत्तराचा सिग्नल आधी ब्लॉक करून ते वापर, ते ब्लॉक काढणं आणि वाट बघणं एकदमच करतं, नसेल तर फ्लॅग ठेवून लूपमधे छोटे यू-स्लीप घे. हँडलरमधे प्रिंटएफ नको, राइट वापर.

मेसेजमधे "कोल्हापूर" नक्की टाक. दिसायला चार अक्षरं, पण यूटीएफ-८ मधे ती २७ बाइट होतात, म्हणजे २१६ सिग्नल. मी शहाणपणा करून सातच बिटं पाठवत होतो, इंग्रजीला चाललं, सरांनी नेमकं गावाचं नाव टाइप करायला लावलं. रिकामा मेसेज पण पाठवून बघ.

आणि पीआयडी. क्लायंटला पीआयडीच्या जागी "एबीसी" दिलं तर एटूआय, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, ० देतं, किल ० ला मारलं की सिग्नल स्वतःच्याच प्रोसेस ग्रुपला, म्हणजे क्लायंटच मरतो. उणे १ दिलं तर ज्यांना ज्यांना मारायची तुला परवानगी आहे त्या सगळ्या प्रोसेसना जातो, आणि या सिग्नलची डिफॉल्ट अॅक्शनच मुळी प्रोसेस मारायची आहे. आमच्या रूमवरच्या एकानं हे करून बघितलं, डेस्कटॉप गेला, थेट लॉगिन स्क्रीन, सेव्ह न केलेली असाइनमेंट पण गेली. तेव्हा शून्याखालचं अन् शून्य आधीच नाकार, आणि हे तपासताना बाकी सगळं सेव्ह करून घे.

शेवटचं राहिलंच, क्लायंट अर्ध्यात कंट्रोल-सी मारून बंद कर आणि लगेच दुसरा मेसेज पाठव. सर्व्हरकडं आधीचे तीन-चार बिट तसेच पडलेले असतात, नवा मेसेज त्यावर चढतो. हँडलर बसवणाऱ्या सिगअॅक्शनला एसए-सिगइन्फो हा फ्लॅग दिला असेल तर पाठवणाऱ्याचा पीआयडी मिळतो, तो बदलला की मोजणी शून्यावर आण.