जुन्या पीसीवर सगळ्याच साइट ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ दाखवतात. काय करू?

कोपरखैरण्यातल्या सोसायटीचं ऑफिस, विंडोज ७ चा पीसी, रोज सकाळी गूगलपासून बँकेपर्यंत सगळीकडे तीच एरर, आणि रात्री मेन स्विच बंद करून जाता. हे शेवटचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण दुखणं तिथेच आहे. वीज नसताना पीसीचं घड्याळ चालवणारा, मदरबोर्डवरचा सेल संपलाय, म्हणून रात्री मेन स्विच बंद झाला की तारीख उडते.

प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटं तर जेमतेम ९० दिवसांची. पीसीचं घड्याळ २००९ वर गेलं, की ब्राउझरच्या लेखी आजचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. एरर कोडच्या शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर खात्रीच धरा.

आत्तापुरतं: खाली उजवीकडच्या घड्याळातून तारीख, वर्ष आणि एएम-पीएम हातानेच टाका. टाइम झोन यूटीसी +५:३०. ‘इंटरनेट टाइम’मधलं ‘अपडेट नाऊ’ त्यानंतर दाबा, आधी नाही. फरक वर्षांचा असला की विंडोज सिंक करायला सरळ नकार देतं, आणि लोक नेटला शिव्या घालतात. मग ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

कायमचं: सीआर२०३२, ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल. वाशीत कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. त्याआधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून उघडणारी मूळ सेटिंग) साटा मोड, म्हणजे हार्डडिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय, याचा मोबाइलवर फोटो काढा. सेल निघाला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. हा मोड बदलला तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसेल आणि दोष नव्या सेलवर येईल. पॉवर केबल काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, क्लिप सरकवून सेल काढा, नवा अक्षरांची बाजू वर ठेवून बसवा. बायोसमध्ये तारीख आणि साटा मोड लावून सेव्ह करा (बहुतेक बोर्डांवर एफ१०). तरी तारीख उडालीच, तर सेलखालची पत्ती बहुधा दबलेली असते, ती हलकेच वर करा.

घड्याळ बरोबर असूनही एरर कोडच्या शेवटी ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ आलं, तर सर्टिफिकेट उघडून ‘इश्यूड बाय’ वाचा. तिथे अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग (सुरक्षित साइटचा मजकूर मधेच उघडून तपासणं) बंद करा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ दिसलं, तर विंडोजची विश्वासू सर्टिफिकेटांची यादी जुनी आहे. फायरफॉक्स ईएसआर ११५ हा ब्राउझर टाका, तो स्वतःची यादी बाळगतो.

एकाच साइटवर एरर असेल तर तुमच्याकडे दुरुस्त करण्यासारखं बहुधा काही नाही. आणि ‘हे सर्टिफिकेट ट्रस्टेड रूटमध्ये (विंडोजच्या त्याच विश्वासू यादीत) टाका, एरर जाईल’ म्हणून कोणी व्हॉट्सॅपवर फाइल पाठवली तर टाकू नका. एरर जाईलही, पण त्या फाइलची किल्ली ज्याच्याकडे आहे तो तुमच्या पीसीपुरतं बँकेचंही सर्टिफिकेट बनवू शकतो.