आधी नाव

चि. मुली,

तुझं पत्र वाचलं आणि राहवलं नाही. धुळ्याला नांदतेस, नाव अजून माहेरी, अमळनेरच्या मतदार यादीत. वर विचारतेस, सासरे सांगतील तिकडेच घरातली सगळी मतं जातात, मग माझ्या मताने "काय फरक पडस?" फरकाचं नंतर. आधी नाव.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ला, सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. नाव विचारलं तर 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलेलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले: स्वतःचं नाव नाही तर मत नाही. कठोर होतं, पण मला आजही पटतं. मुंबई प्रांतात १९२१ला बायकांना मत मिळालं ते मिळकत असेल तरच. १९३५च्या कायद्याने पुरेशी मिळकत असलेल्या मतदाराच्या बायकोलाही दिलं, म्हणजे पुन्हा नवऱ्याच्या जिवावर. संविधानाने मात्र ना शेत पाहिलं, ना कुंकू. आणि तू तो हक्क अमळनेरला टाकून आलीस?

चोपड्याकडे एका मतदान केंद्रावर माझी ड्युटी होती. बाईला नाव विचारलं की दारातून नवरा नाहीतर मुलगा बोलायचा. "दादा, मी बाईंना विचारलंय." रांग तुंबली, एजंट कुरकुरले. एक म्हातारी दातात पदर धरून गप्प उभी. मीही गप्प. शेवटी पदर सोडून तिने नाव सांगितलं. नुसतं स्वतःचं, नवऱ्याचं घ्यायचं नसतं ना. मला तेवढं पुरे होतं. यादीत खूण केली. लोक मला तिरसट म्हणाले. म्हणोत. माझी आई जन्मभर वडिलांनी सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारून आली, तिला कोणी विचारलंच नाही. ही सल जात नाही, म्हणून मी अडते.

आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, आणि कितीतरी ठिकाणी कारभार सरपंचपतींचा. का? नाव विचारलं की अजून तोच बोलतो. फरक हवाय ना? आधी नाव.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस, बेटा. मत देताना पुठ्ठ्याच्या आडोशाला तू एकटीच असतेस; मग यंत्रात सात सेकंद दिसणारी मताची चिठ्ठीही फक्त तुलाच दिसते.

फॉर्म ८ भर, पत्ता बदलायचा तोच. नव्या नोंदणीचा ६ नको, दोन ठिकाणी नाव चालत नाही. बीएलओकडे, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दे किंवा मोबाइलवरून भर. निवडणूक लागण्याची वाट पाहू नकोस. आणि यादी आली की नाव स्वतः शोध, जावईबापूंना शोधायला लावू नकोस.

तुझ्या बाई