दात बघू नका, खांदा बघा

प्रश्न : नमस्कार काका. मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा घरापासून 22 किलोमीटर. शिवाय आठवड्यातून एकदा सासऱ्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरलंय. बजेट तीन लाखांच्या आसपास. दोन गाड्या बघून आलो, दोन्ही 2013 च्या डिझेल डिझायर. एक लातूरच्या एका औषध दुकानदारांची. पहिलाच मालक, मीटरवर 1,85,000, मागतात 2 लाख 60 हजार. दुसरी संभाजीनगरला एका डीलरकडं. मीटरवर 62,000, मागतो 3 लाख 10 हजार. आमचे मिस्टर म्हणतात, लातूरची गाडी म्हणजे म्हातारा बैल, दावणीला बांधून चारा घालत बसायचं. मला मात्र तीच आवडलीय. फक्त त्या आकड्याची भीती वाटते. काय करावं?
— एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : ताई, मिस्टरांनी बैलाचं नाव काढलंय तर तिथूनच सुरू करतो. माझे वडील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे आणि मी भाकरीचं गठुडं धरून मागं. नवखं गिऱ्हाईक पहिल्यांदा बैलाचं तोंड उघडायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वडीलही दात बघायचे, पण शेवटी. आधी खांद्यावरून हात फिरवायचे, जू बसतं तिथलं कातडं दाबून बघायचे, मग मालकाला म्हणायचे, चार पावलं चालवून दाखव. दलाल दाताला कानस लावतात हे त्यांना माहीत होतं.

मीटर म्हणजे गाडीचे दात. लॅपटॉप लावला की अर्ध्या तासात पाहिजे तो आकडा येतो, आणि हे काम करून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळं आधी आकड्याला घाबरायचं सोडा आणि साधा भागाकार करा. लातूरची गाडी बारा वर्षांत 1,85,000, म्हणजे वर्षाला पंधरा हजार, महिन्याला तेराशेच्याही आत. डिझेल गाडीला हे काही फार नाही, दुकानदार माणसाची दोन-चार गावांची चक्कर झाली. आता डीलरची बघा. 62,000 भागिले बारा, महिन्याला सव्वाचारशे. म्हणजे दिवसाला चौदा किलोमीटर. मला सांगा, 2013 साली पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल गाडी कोण घेणार, रोज चौदा किलोमीटर फिरवायला? असतीलही असे लोक. पण मग तसा कागद दाखवावा त्यानं.

मी हे इतक्या जोरात का सांगतोय, तर फसलोय म्हणून. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस फसला, हे आजवर मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं. 2008 मध्ये घरच्यासाठी एक इंडिका घेतली, मीटर 48,000. क्लच-ब्रेकच्या पेडलवर कोरेकरकरीत रबर. मी बायकोला म्हणालो, काय ठेवलीय बघ गाडी! दोन महिन्यांनी एअर फिल्टर बदलायला डबा उघडला, तर झाकणाच्या आतल्या बाजूला कुण्या मेस्त्रीनं मार्करनं लिहून ठेवलेलं : 1,36,400, ऑइल, फिल्टर. खाली तारीखसुद्धा. मी झाकण तसंच परत बसवलं आणि घरात कुणाला बोललो नाही. पेडलचं रबर नवं का होतं, हे त्या दिवशी कळलं. जुनं झिजून गुळगुळीत झालं असणार, म्हणून बदललेलं.

तर डीलरच्या गाडीत हेच बघा. स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. चाळीस-पन्नास हजारात या जागा गुळगुळीत होत नाहीत. दाराच्या खांबावर, बॉनेटच्या आत ऑइल बदलल्याचं, किलोमीटर लिहिलेलं जुनं स्टिकर राहिलंय का बघा. टायरवर गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायर त्याच गाडीबरोबर आलेले असतील तर आकडे 2013 च्या जवळचे पाहिजेत. नवे असतील तर विचारा, कधी आणि किती किलोमीटरला बदलले? आणि त्याला म्हणा, कंपनीच्या शोरूमला गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढू. चेहरा बघा त्याचा.

अजून एक. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत गुंडाळलेला राहतो तो तुकडा कुणी धूत नाही. तिथं मातीची रेघ दिसली, सीटखालच्या पट्ट्यांना गंज दिसला, तर गाडी पाण्यात उभी होती समजा. 2019 ला कोल्हापूर-सांगलीकडं आणि 2025 च्या सप्टेंबरात आपल्याच मराठवाड्यात गाड्या पाण्यात गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं कुणी मानू नये.

आता लातूरची. डिझायरचं हे 1248 सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. मारुतीत डीडीआयएस, टाटात क्वाड्राजेट, फियाटात मल्टिजेट, नावं तीन, पोटात एकच. मारुतीनं 2020 च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी पार्टची अडचण नाही, लातूर-नांदेडला दुकानात सहज मिळतो आणि कुठलाही मेस्त्री डोळे झाकून खोलतो. टूरवाल्यांनी ह्याच डिझायर तीन-तीन लाख किलोमीटर हाणल्यात. वेळेवर ऑइल बदललेलं असलं तर 1,85,000 हे काही म्हातारपण नाही, चाळिशी म्हणा. पण ऑइल वेळेवर बदललं का, तेवढाच प्रश्न. औषध दुकानदार आहेत, म्हणजे बिलं फाइलला लावून ठेवायची सवय असणार. ती फाइल मागा. शोरूमची नसली, गल्लीतल्या गॅरेजची असली तरी चालेल, पण तारखा आणि किलोमीटर चढत्या क्रमानं पाहिजेत.

जायचं ते सकाळी सहाला, आणि न सांगता गेलात तर उत्तम. पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवलीय. थंड इंजिनलाच खरं बोलायची सवय असते. पहिल्या सेल्फला उठली पाहिजे. सुरू होताना क्षणभर खडखड होऊन थांबली तर ठीक, खडखड चालूच राहिली तर टायमिंग चेनचं काम निघालंय. धूर बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा येत असेल तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट, खराब असेल किंवा हवेचा रस्ता तुंबला असेल. मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल टाकायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. जागच्या जागी थरथरलं तर वयाचं आहे. फुदकून खाली पडलं आणि तोंडातून भकाभका वाफ आली, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तिथूनच नमस्कार करून परत फिरा. चहासुद्धा घेऊ नका, चहा घेतला की भीड पडते.

इथवर तुम्ही स्वतः करू शकता. पुढचं मात्र मेस्त्रीकडून करून घ्या, आणि तो तुमचा असावा, त्यांचा नको. आमच्याकडं इंजेक्टर तपासायची एक पद्धत आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला, सलाइनच्या नळ्या लावायच्या, खाली चार रिकाम्या बाटल्या, आणि इंजिन दहा मिनिटं चालू. प्रत्येक बाटलीत जादाचं डिझेल थेंब-थेंब पडत राहतं. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर छान. एक बाटली भरभर भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय. आकडा-बिकडा काही नाही, डोळ्यांना दिसतं. माझा एक गिऱ्हाईक हे बघून म्हणाला होता, गायीचे चार सड एकदम पिळल्यासारखं वाटतंय.

क्लच, शॉकअॅब्सॉर्बर, खालच्या आर्मची बुशं, टायर, बॅटरी ह्यांतलं काहीतरी निघणारच, त्यात घाबरायचं कारण नाही. केजकडचे खड्डे आणि काळ्या मातीत पावसाळ्यात बसणारा रस्ता, बुशं टिकणार कशी? क्लच बाहेरच्या गॅरेजला मजुरीसकट दहा-बारा हजार, चार टायर अठरा-वीस हजार, पुढची बुशं-आर्म दहा-पंधरा. सगळं एकदम निघणार नाही, तरी पन्नास-साठ हजार पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. म्हणजे तुमचं बजेट तीन लाखांचं असेल तर गाडीला 2 लाख 40 च्या वर जाऊ नका. घासाघीस करायची ती मेस्त्रीनं काढलेल्या यादीवर. बैलबाजारासारखं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे दिवस गेले, यादी समोर ठेवायची.

कागदाचं पटकन सांगतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि 35 नंबरचा फॉर्म पाहिजे. नावावर करायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, दोन्हीवर मालकाची सही समोर घ्या. ई-चलान बाकी असलं तर ते त्यांनी भरायचं. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या, आणि त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नसतो हे धरून चला. आणि लक्षात असू द्या, 2013 ची आरसी 2028 ला संपते. मग पाच वर्षांसाठी नूतनीकरण, फी 5,000, वर पर्यावरण कर, आणि आरटीओत गाडी नेऊन पासिंग. ते आजच हिशेबात धरा.

माझं मत विचाराल तर लातूरचीच. बाटल्यांची परीक्षा पास झाली तर. मिस्टरांना सांगा, काकांनी खांदा बघायला सांगितलाय.

प्रश्न : काका, गावातले एक जण दिल्लीहून 2014 ची डिझेल इनोव्हा आणून देतो म्हणतात. आपल्याकडच्यापेक्षा दीड लाखानं स्वस्त. लग्नसराईत भाड्यानंही लावता येईल म्हणतात. घेऊ का?
— एक तरुण शेतकरी, जि. हिंगोली

उत्तर : बाळा, स्वस्त का आहे ते आधी बघ. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. पुढं कोर्टात त्यात फेरफार झाले, पण तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांचा भाव पडला तो पडलाच. गाडी वाईट म्हणून नव्हे, तिथं गिऱ्हाईक नाही म्हणून. त्यामुळं गाडी चांगलीही असू शकते. पण ती इथं आणली की दिल्लीच्या आरटीओची एनओसी लागते, 28 नंबरचा फॉर्म. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. तो टॅक्स, एजंट, दिल्लीहून आणायचं डिझेल आणि टोल मिळवून बघ, दीड लाखातलं किती उरतं ते. तुझ्या हिंगोलीच्या आरटीओत जाऊन त्या मॉडेलला टॅक्स किती बसेल हे आधी विचार. मगच त्या माणसाला हो म्हण, आणि एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नको.

भाड्याचं मात्र डोक्यातून काढ. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नंबरच्या गाडीवर, भाडं मारता येत नाही. वऱ्हाड घेऊन निघालास आणि वाटेत काही झालं, तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारेल, की गाडीत बसलेले लोक तुझे कोण होते.