विचारा की! : स्टोइक कट्टा जमवायचाय, पण कसा?

मागच्या अंकात रोमन बादशहा आणि स्टोइक तत्त्वज्ञ मार्कस ऑरेलियसवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर कोल्हापुरातनं बरीच पत्रं आलीत. बहुतेकांचं म्हणणं एकच, आम्ही पण मिळून ह्या स्टोइकांना, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांना, वाचायला सुरुवात करतोय किंवा केलीय, पुढं काय करायचं ते सांगा. म्हणून हा आख्खा कॉलम त्यालाच दिला.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र राजारामपुरीतले. कोण बँकेत, एकाचं मेडिकल, एक हायस्कूलला शिक्षक. रील्सवर स्टोइक लोकांची वाक्यं बघून बघून आता नीट वाचायचं ठरवलंय, रविवारी सकाळी सातला रंकाळ्यावर बसणार. फिलॉसॉफी कुणीच शिकलेलं नाही. मार्कस ऑरेलियसपासून सुरुवात करावी असं सगळे म्हणतात, बरोबर आहे का? आणि आमच्यातले दोघं जरा जास्तच वाचलेले आहेत, ते सुरू झाले की बाकीच्यांना तोंडच उघडता येत नाही.

उत्तर : रंकाळ्यावर बसताय हे एकदम बेस्ट, कारण हे तत्त्वज्ञान सुरूच कट्ट्यावर झालंय. सायप्रस बेटावरचा झेनो नावाचा व्यापारी, त्याचं मालानं भरलेलं जहाज बुडालं आणि तो अथेन्सला येऊन पडला अशी गोष्ट सांगतात, तिथं त्यानं इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास बाजारपेठेच्या कडेला चित्रं काढलेल्या एका ओसरीत बसून शिकवायला सुरुवात केली. ग्रीकमध्ये अशा ओसरीला स्टोआ म्हणायचे, त्यावरनं हे लोक स्टोइक. ना फी, ना गेट, येणारेजाणारे ऐकायला थांबायचे. त्याच्यानंतर गादीवर आलेला क्लिअँथिस तर रात्री पाणी ओढायची मजुरी करून दिवसा शिकायचा म्हणतात. त्यामुळं डिग्री नाही याचं टेन्शन घेऊ नका.

मार्कसपासून मात्र सुरू करू नका, निदान ग्रुपनं तरी. त्यानं जे लिहिलं ते स्वतःसाठीच्या नोंदी आहेत, डॅन्यूब नदीकडच्या लढाईच्या छावण्यांत बसून लिहिलेल्या, बारा भाग आहेत आणि पहिल्या भागात तर नुसतं कुणाकडनं काय शिकलो त्याची यादी. एकट्यानं रात्री वाचायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण आठ जण गोल करून बसले की कुठून कुठं जायचं ते कळत नाही, एक जण एक वाक्य धरतो, दुसरा दुसरं, आणि तासाभरानं सगळे मिसळवर येतात.

एपिक्टेटस घ्या. हा जन्मानं गुलाम, पायानं अधू, आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. पुढं सुटका झाली, रोममध्ये शिकवायला लागला, डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना शहरातनं हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्यानं वर्गातलं बोलणं उतरवून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं, आणि त्यातलंच निवडून ५३ तुकड्यांचं एक छोटं पुस्तक केलं, एन्किरिडियन. काही तुकडे चार-पाच ओळींचे आहेत. हे मुळातच वर्गात तोंडानं बोललेलं, त्यामुळं मोठ्यानं वाचलं की जिवंत होतं, आणि तो पोरांना बोलतो पण कसा, आपल्याकडचा खवट हेडमास्तर परवडला. इंग्रजीत जॉर्ज लाँगचं जुनं भाषांतर कॉपीराइट संपलेलं आहे, फुकट मिळतं. एकानं आदल्या रात्री वाचून यायचं आणि सकाळी आपल्या मराठीत सांगायचं, दर वेळी माणूस बदलायचा.

एका बैठकीला एकच तुकडा. उदाहरणार्थ चौथा. त्यात तो म्हणतो की सार्वजनिक स्नानगृहात अंघोळीला निघालास ना, मग तिथं काय काय होतं ते आधी डोळ्यासमोर आण, लोक पाणी उडवतात, ढकलतात, शिव्या देतात, चोऱ्या पण करतात. आणि मनाशी म्हण, मला अंघोळ तर करायचीच आहे पण माझं डोकं ठिकाणावर ठेवून करायचीय. आता ह्यावर लेक्चर कशाला पाहिजे? प्रत्येकानं त्या आठवड्यातली स्वतःची एक जागा सांगायची. बँकवाल्याकडं पेन्शनच्या दिवशीची लाइन असेल, मेडिकलवाल्याकडं प्रिस्क्रिप्शन नसताना गोळ्या द्या म्हणून काउंटरवर हात आपटणारा असेल. तो नेहमी येतो हे माहीत असून आपण दर वेळी नव्यानं का चिडतो, ह्याच्यावर तासभर सहज जातो, आणि पुढच्या रविवारी पहिला प्रश्न, आला होता का तो, काय केलंस? माझ्या मते ग्रुपचा सगळा फायदा ह्या दुसऱ्या रविवारच्या प्रश्नात आहे. एकट्यानं वाचताना तो प्रश्न कुणी विचारत नाही ओ.

त्या दोघा हुशारांसाठी ४९ वा तुकडा राखून ठेवा. ख्रिसिपस म्हणून एक मोठा स्टोइक होऊन गेला, त्याचं लिखाण समजायला अवघड. एपिक्टेटस म्हणतो, ख्रिसिपस मला समजतो म्हणून कुणी मिरवायला लागला तर मनात म्हणा, ख्रिसिपसनं सोपं लिहिलं असतं तर ह्या गड्याकडं मिरवायला काहीच उरलं नसतं. वाचायची पाळी त्यांच्यातल्याच एकाला द्या.

प्रश्न : मी मंगळवार पेठेतला, लहानपणापासनं तालमीत आहे. आमच्यातला एक जण असल्या वाचन ग्रुपला जायला लागलाय तर पोरं त्याला चिडवतात, पुस्तक वाचून मन घट्ट होत असतंय व्हय? मला पण तेच वाटतं. खरं काय?

उत्तर : भावा, तुझ्या पोरांचं आणि एपिक्टेटसचं मत एकच आहे. त्याच्या वर्गात एक जण सांगायला लागला की मी अमुक ग्रंथ वाचून पूर्ण केला, तर तो म्हणाला, मी पैलवानाला म्हटलं तुझे खांदे दाखव, आणि तो म्हणाला ही बघा माझी वजनं, तर कसं वाटेल? वजनं ठेव बाजूला, त्या वजनांनी तुझं काय झालं ते दाखव. म्हणजे आपल्याकडं तालमीतली करेल फिरवून दाखवायची सोडून ती भिंतीला कशी लावलीय ते दाखवल्यागत.

ह्या लोकांना कुस्ती भारी आवडायची. संकट आलं की समज, वस्तादानं तुझी जोड एका दांडग्या पोराबरोबर लावलीय, हे पण एपिक्टेटसचंच, का लावली तर तू ऑलिंपिक जिंकावास म्हणून, आणि ते घाम गाळल्याशिवाय होत नाही. आणि मार्कसनं लिहून ठेवलंय की जगणं हे नाचापेक्षा कुस्तीच्या जास्त जवळचं, कारण समोरनं काय येईल ते आधी ठरलेलं नसतं आणि तरी पाय रोवून तयार राहायचं असतं. खासबागेत बसून कुस्ती बघितलेल्या माणसाला ह्यातलं एक अक्षर समजवायला लागत नाही. तू जा की एकदा त्याच्याबरोबर, त्या ग्रुपला तुझ्यासारख्याची गरज आहे, नुसती पुस्तकवाली मंडळी फार लवकर हवेत जातात.

प्रश्न : माझी आई दोन महिन्यांपूर्वी गेली. आमच्या वाचन ग्रुपमध्ये मी बोलता बोलता रडले तर एक काका म्हणाले, जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करायचं नाही, हेच तर आपण शिकतोय. मी गप्प बसले, पण तेव्हापासनं गेलेच नाही. स्टोइक व्हायचं म्हणजे रडायचं पण नाही का?

उत्तर : ताई, काकांनी अर्धंच वाचलंय. एपिक्टेटसच्या त्याच छोट्या पुस्तकातला, एन्किरिडियनमधला, सोळावा तुकडा त्यांना दाखवा. त्यात स्पष्ट आहे की कुणी शोकात रडताना दिसलं तर त्याच्याशी सहानुभूतीनं बोलायला मागंपुढं बघू नकोस, वेळ पडली तर त्याच्याबरोबर तू पण कण्ह. पुढं तो म्हणतो की आतून मात्र कण्हू नकोस, ते मला स्वतःला काही पूर्ण पटत नाही, पण रडणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञान सांग असं तो कुठंच म्हणत नाही.

मुळात ह्या लोकांनी भावना मारायला सांगितलेल्या नाहीत. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकानं एक प्रसंग लिहिलाय. तो जहाजातनं इटलीला निघालेला, मोठं वादळ झालं, त्याच जहाजात अथेन्सचा एक नावाजलेला स्टोइक होता आणि त्याचा चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एक श्रीमंत प्रवासी चिडवायला आला, काय हो तुम्ही पण भ्यालात? पुढं गेलियसनं नीट विचारल्यावर त्या स्टोइकानं पिशवीतनं एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं, त्यात असं होतं की पहिला धक्का शहाण्याला पण बसतो, तो रंग पण बदलतो, ते कुणाच्याच हातात नाही. त्यानंतर मनात जे उठतं, की संपलं सगळं, आता काही अर्थ नाही, त्याला हो म्हणायचं का नाही एवढंच आपल्याकडं. गंमत म्हणजे एपिक्टेटसच्या प्रवचनांचा तो भाग आज हरवलाय, गेलियसनं लिहून ठेवलं म्हणून एवढं तरी उरलं.

सेनेका हा रोमन स्टोइक, त्याचं ६३ वं पत्र वाचा, जमलं तर एकटीनं. ज्याला तो ही पत्रं लिहायचा त्या लुसिलियसचा मित्र गेला तेव्हाचं आहे. डोळे कोरडे पण नकोत आणि धारा पण नकोत, पाणी येऊ दे, असं सांगून झाल्यावर तो स्वतःच लिहितो की माझा मित्र सेरेनस गेला तेव्हा मी इतका रडलो की दुःखानं हरलेल्यांच्या यादीत माझंच नाव लागेल. सल्ला देणाऱ्यानं असं लिहिणं मला तरी फार जवळचं वाटतं.

आणखी एक. पोराचा मुका घेताना मनाशी म्हण की हे मर्त्य आहे, असं एपिक्टेटस सांगतो, ग्रुपवाल्यांना हे वाक्य फेकायला लई आवडतं. पण ते स्वतःला सांगायचं आहे, माणूस जवळ असताना. दुसऱ्याच्या घरातलं माणूस गेल्यावर त्याला ऐकवायचं नाही. काकांना हे सांगायचं धाडस होत नसेल तर हा अंकच पुढं करा, पण ग्रुप सोडू नका.

प्रश्न : पंचगंगेच्या कडेला माझं दुकान आहे. २०१९ ला पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. आता पोरगा कॉलेजातनं शिकून आलाय आणि म्हणतो, पप्पा जे कंट्रोलमध्ये नाही त्याचा विचार सोडा. विचार सोडून दुकान चालतं का?

उत्तर : नाही चालत, आणि पोराच्या गुरुजींना, म्हणजे ह्या स्टोइकांना, पण तसं म्हणायचं नव्हतं. पाऊस किती पडणार, राधानगरी धरणाचे दरवाजे कधी उघडणार, ह्यावर तुमचं काही चालत नाही. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे तुम्हाला पाठ आहे, मग ३९ च्या आधीच माल माळ्यावर चढवायचा का नाही, विम्याचा हप्ता भरायचा का नाही, हे तुमच्याशिवाय कोण ठरवणार? सिसेरो नावाच्या रोमन लेखकानं स्टोइकांचं एक उदाहरण देऊन ठेवलंय, तिरंदाजाचं. नेम धरायला जे जे करता येतं ते सगळं त्यानं करायचं, बाण लागावा असं त्याला वाटणारच, पण त्याचं काम नेम नीट धरण्यापाशी पुरं होतं. तुमचा पोरगा बाणावरच गप्पा मारतोय, नेम विसरलाय. ह्या जुलैत माल चढवायला त्यालाच लावा.

प्रश्न : हे सगळं आपल्या गीतेत नाही का? मग रोमपर्यंत कशाला जायचं? (एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

उत्तर : सर, दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ आणि स्टोइकांचा शहाणा माणूस एकमेकांना लांबनं बघून ओळखतील, ह्यात वाद नाही. पण आत गेलात की घरं वेगळी आहेत. स्टोइकांकडं मोक्ष नाही, जन्ममरणाच्या फेऱ्यातनं सुटायची खटपट नाही, इथंच आणि आत्ताच चांगलं जगायचं. चांगुलपणा सोडून बाकी कशालाच ते खऱ्या अर्थानं चांगलं म्हणत नाहीत, पैसा आणि तब्येत मिळत असेल तर घ्यावी, पण सुख त्यावर टांगायचं नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मजा येते. फक्त ‘हे आपल्याकडं आधीच होतं’ ह्या वाक्याला ग्रुपमध्ये पहिले काही महिने बंदी घाला, कारण ते एकदा पडलं की पुढचं कुणी वाचतच नाही.

प्रश्न : सेनेका म्हणे प्रचंड श्रीमंत होता आणि रोमन बादशहा नीरोच्या दरबारात होता. साधेपणावर त्यानं बोलावं?

उत्तर : होता. नीरोचा आधी मास्तर, मग सल्लागार, आणि शेवटी इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमावरनं त्याला जीव द्यावा लागला. लोक त्याला त्याच्या हयातीतच हे विचारायचे. त्याचं उत्तर साधारण असं की मी शहाणा नाही, मी सद्गुणाबद्दल बोलतोय, माझ्याबद्दल नाही, आणि दोषांना शिव्या देतो तेव्हा पहिल्या स्वतःच्याच दोषांना देतो. ही पळवाट आहे का प्रामाणिकपणा, ह्यावर एक रविवार घालवा, भांडण होईल पण चांगलं होईल.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये सगळे पुरुषच आहेत. माझ्या बायकोला यायचंय, पण दोन ज्येष्ठ सभासद म्हणतात वातावरण बदलेल.

उत्तर : बदलू दे की. एपिक्टेटसचा गुरू म्युसोनियस रुफस, पहिल्या शतकातला माणूस, त्यानं हाच प्रश्न घेऊन सांगितलंय की बायकांनी पण तत्त्वज्ञान शिकावं, बुद्धी देवानं दोघांना सारखीच दिलीय, आणि मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्यावं. ज्येष्ठांना पुढच्या बैठकीला तोच उतारा वाचायला द्या. फक्त रविवारी सकाळी सातची वेळ ठेवली असेल तर ती संध्याकाळी पाचची करा, सातला घराघरात डबे आणि नाष्टा चालू असतो आणि मग ‘बोलावलं पण आल्या नाहीत’ म्हणायला तुम्ही मोकळे. आणि त्या आल्या म्हणून चहा करायचं काम त्यांच्याकडं जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.